आतड्याचा पत्ता

[दृश्य: सकाळ, महात्मा फुले मंडई]

हिवाळ्यातली मंडई. गाजरांचे ढीग, शेजारी शेवग्याच्या पाल्याच्या जुड्या, पुढच्या गाळ्यावर लाल भोपळ्याच्या फोडी. "गाजर खा, डोळे चांगले राहतात," हे प्रत्येक आजी सांगते, आणि खोटं नाही ते. पण आजची गोष्ट डोळ्यांची नाही, आतड्यांची आहे. तीही उंदरांच्या.

गाजरातल्या बीटा-कॅरोटिनपासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं. आतड्यालगतच्या काही पेशी त्याचं पुढे रेटिनॉइक आम्ल करतात. हे आम्ल करतं काय? पत्ता देतं.

[दृश्य: पेठेतला बोळ, पत्ता विचारणारा दुचाकीस्वार]

सदाशिव पेठेत घर शोधलेल्यांना हे लगेच कळेल. नुसतं 'पेठेत' म्हणून भागत नाही, कुठल्या मारुतीपाशी वळायचं तेही लागतं. टी-पेशी, म्हणजे रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, अशाच रक्तातून फिरत असतात. २००४ साली माकोतो इवाता आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या पेशींवर दाखवलं, की रेटिनॉइक आम्ल मिळालं की टी-पेशीच्या अंगावर दोन खुणा उमटतात: अल्फा-४-बीटा-७ आणि सीसीआर-९. खुणा असलेली पेशी बरोबर आतड्यात उतरते. अ जीवनसत्त्व न मिळालेल्या उंदरांच्या आतड्याच्या अस्तरात टी-पेशी फार थोड्या सापडल्या.

असे उंदीर सहज मिळत नाहीत. यकृतात साठा असतो ना! म्हणून पिल्लं पोटात असतानाच आईचा आहार बदलावा लागतो.

२००७ साली कळलं, हेच आम्ल दाह आवरणाऱ्या नियामक टी-पेशींनाही हात देतं.

मग अ जीवनसत्त्वाची कमतरता म्हणजे नुसती पडझड? २०१४ च्या प्रयोगात उंदरांनी चकवलं. जिवाणूंशी लढणाऱ्या काही पेशी घटल्या, जंतांशी लढणाऱ्या मात्र वाढल्या. जिवाणूंपुढे दुबळे ठरलेले हे उंदीर जंतांना पुरून उरले. कुपोषण आणि जंत बहुधा जोडीनं येतात, त्याचीच ही तजवीज असावी, असा संशोधकांचा तर्क.

उंदराचा हिशेब माणसाला जसाच्या तसा लागत नाही, हे खरं.

[दृश्य: अंगणवाडी, लसीकरणाचा दिवस]

नऊ महिन्यांचं बाळ. गोवराच्या लशीबरोबर अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस, एक लाख युनिट. पुढे दीड वर्षाच्या सुमारास दोन लाख, मग पाच वर्षांचं होईपर्यंत दर सहा महिन्यांनी तेवढेच. एकूण नऊ डोस.

ताई पिवळ्या औषधाचा चमचा पुढे करतात. बाळ तोंड फिरवतं. ताई दुसऱ्या बाजूनं येतात.