वाट आहे, पण आपल्या वेळेला आहे का?

मंडळी, धानकापणीच्या दिवसांत एवढे जण वाचनालयात आलात, तर आधी धानाचंच सांगतो. ऑप्टिकल नेटवर्क, म्हणजे प्रकाशानं माहिती नेणारं काचेच्या तंतूंचं जाळं, मागाहून.

आमची बांधी नहराच्या टेलवर. मी दहावीत होतो त्या साली धान निसवायच्या वेळेला पावसानं दडी मारली. बाबांना चिठ्ठी मिळाली: गुरुवारी रात्री दोन ते पाच, पाणी तुमचं. टॉर्च, फावडं घेऊन आम्ही दोघं धुऱ्यावर बसलो. दोन वाजले, तीन वाजले. बांधीला अशा भेगा, की माझा पंजा आत जाई. पाणी काही आलं नाही. बाबा नहराच्या काठानं वर चालत निघाले, मी मागे. पहिलं गेट उघडं, दुसरं उघडं. तिसऱ्यापाशी पाणी भलतीकडे वळलेलं, आणि तिथल्या काकाजींच्या हातात चिठ्ठी. तीच रात्र, तीच वेळ, तशीच सही. काकाजी खोटे नव्हते, आम्हीही नव्हतो. दोन वह्या दोन टेबलांवर होत्या, त्या शेजारी ठेवून कुणी पाहिल्याच नाहीत. त्या साली आमचं धान पोचट निघालं. तो राग अजून जात नाही, आणि मी या विषयात शिरलो तो त्याच रागापोटी.

आता काचेचा तंतू. त्यातून एकाच वेळी वेगवेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश धावतो. एकेकाला आपण रंग म्हणू, जरी 1550 नॅनोमीटरच्या आसपासचा हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. दहा टेराबाइट माहिती सेकंदाला 10 गिगाबिटच्या वेगानं पाठवायला सव्वादोन तास लागतात. तेवढा वेळ वाट अडू नये म्हणून आधीच पाळी लावायची. अमेरिकेत ईएसनेट या संशोधन नेटवर्कवर ऑस्कर्स नावाची प्रणाली असं बुकिंग घेते.

जाळ्यातली जवळची वाट शोधायची रीत डच संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रांना 1956 मध्ये अॅमस्टरडॅमच्या एका कॅफेत वीस मिनिटांत सुचली, छापली 1959 मध्ये. यावर खूप बोलायचं होतं, पण अध्यक्ष खुणावताहेत, आठला लाइन जाते. भरभर सांगतो.

वेळ ठरलेली असेल, तर त्या वेळेत कुठेही जागा कमी पडणारे दुवे, म्हणजे दोन ठिकाणांना जोडणारे तंतू, खोडायचे आणि उरलेल्यांवर डायक्स्ट्रांची रीत लावायची. वेळ सैल असेल, तर प्रत्येक दुव्याच्या मोकळ्या वेळांची यादी घ्यायची आणि पुढे जाता जाता सामाईक तेवढी ठेवायची. एक दुवा एक ते चार मोकळा, पुढचा तीन ते सहा. हाती उरला एकच तास. दोन तास हवे असतील तर ही वाट तुमची नाहीच! बेलमन-फोर्ड ही जवळची वाट शोधायची आणखी एक रीत, तिच्यात अंतराऐवजी अशा याद्या पुढे सरकवता येतात. मध्ये रंग बदलणारं यंत्र नसेल, तर टोकापासून टोकापर्यंत रंग एकच लागतो, म्हणजे हा हिशेब रंगागणिक वेगळा. पुष्कळ मागण्या एकदम आल्या आणि जास्तीत जास्त बसवायच्या म्हटलं, की प्रश्न एनपी-कठीण होतो, म्हणजे नेमकं उत्तर दरवेळी झटपट काढायची रीत कुणालाच ठाऊक नाही. मग अंदाजाच्या रीतींवर भागवावं लागतं.

आणि होकार कधी द्यायचा? वाटेवरच्या प्रत्येक दुव्यावर नोंद झाल्यावरच. एकानं जरी नाही म्हटलं, तर आधीच्या सगळ्या नोंदी सोडून द्यायच्या.

बाबांची ती चिठ्ठी त्यांनी पंचांगात जपून ठेवली होती, मी आणली आहे. पुढच्या रांगेपासून फिरवा. वार आहे, वेळ आहे, सही आहे. पाणी कोणकोणत्या गेटांतून येणार, ते मात्र कुठेच लिहिलेलं नाही.