कूलरच्या वर वाजणारी धून

मे महिना. नागपूर, महाल भागातलं आमचं घर. दुपारी तीन वाजता खिडकीत कूलर असा घरघरतो, की शेजारच्या खोलीतलं बोलणंही कळत नाही. तरी वीस वर्षांपूर्वी याच खोलीत मोबाईल वाजला, की अंगणापर्यंत ऐकू जायचा.

त्या फोनमध्ये एक चिमुकला बझर असे. एका वेळी एकच स्वर, पण चांगला चढा. माणसाच्या कानाला दोन ते पाच हजार हर्ट्झचे आवाज सगळ्यात चटकन ऐकू येतात आणि बझरचा जोर नेमका तिथेच. कूलरची घरघर खालच्या पट्टीतली, ती त्याला झाकू शकत नसे.

नोकियाची धून तर पाठच झाली होती. १९०२ सालच्या ‘ग्रान वाल्स’ या गिटारच्या रचनेतला तो तुकडा, स्पॅनिश वादक फ्रान्सिस्को तारेगा यांचा. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, ती वाजली, की चार-पाच जणांचे हात एकदम खिशाकडे जायचे. प्रत्येकालाच वाटायचं, माझाच फोन. म्हणून स्वतःची धून हवी असायची.

बाबांचा नोकिया ३३१० होता. त्यात कंपोझर होता, म्हणजे स्वतः धून रचायची सोय. १ ते ७ या कळा म्हणजे सा ते नी. ८ दाबलं की स्वर आखूड, ९ दाबलं की लांब, शून्यावर विराम. बाबा भजनी मंडळात पेटी वाजवायचे. कूलरसमोर चटईवर बसून त्यांनी एका अभंगाची चाल बसवायला घेतली आणि कोमल गंधारावर, म्हणजे अर्धा स्वर उतरलेल्या ‘ग’वर, अडले. फोनमध्ये कोमल नाहीच, फक्त तीव्र करायची कळ! बराच वेळ गप्प बसले. मग रिषभ, म्हणजे ‘रे’, अर्धा स्वर चढवला आणि तोच कोमल गंधार सापडला. तेव्हाचा त्यांचा चेहरा मला अजून आठवतो.

२००३ च्या मे महिन्यापर्यंत आलेला कॉल घेतला तरी पैसे पडायचे. त्यामुळे घरच्यांचा फोन उचलायचाच नाही, असं ठरलेलं. एक मिस कॉल म्हणजे निघालो, दोन म्हणजे पोचलो. त्या निमित्तानं ती चाल पूर्ण ऐकायला मिळायची. मला ते फार आवडायचं.

आता घरात सगळ्यांचेच फोन नुसते थरथरतात. कूलर सुरू असला की तेही कळत नाही.

मागच्या आठवड्यात बाबांच्या त्या फोनला बर्डीवरून नवी बॅटरी आणून टाकली. टोनच्या यादीत बाबांची चाल तशीच होती. कूलर सुरू होता. मी ती वाजवली, आणि स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, “अहो, तुमचा फोन वाजून राहिला ना!”