पेनेटाचं न्यूयॉर्क

(पडद्यावर: आर्थर ॲश स्टेडियम, न्यूयॉर्क. ११ सप्टेंबर २०१५.)

या दिवसाबद्दल कुठल्याही टेनिसवेड्या माणसाला विचारा, तो अमेरिकन ओपनचा एकच उपांत्य सामना सांगेल. एका वर्षात चारही ग्रँड स्लॅम, म्हणजे टेनिसच्या सर्वात मोठ्या चार स्पर्धा, जिंकायला सेरेना विल्यम्सला फक्त दोन विजय हवे होते. समोर होती बिगरमानांकित, म्हणजे स्पर्धेच्या अव्वल खेळाडूंच्या यादीत नसलेली, इटालियन खेळाडू रॉबर्टा विंची. सट्टेबाजारात तिचा भाव एकास तीनशे. आणि जिंकली विंची. २-६, ६-४, ६-४.

पण त्याच कोर्टवर, त्याच दिवशी, त्याआधी आणखी एक उपांत्य सामना होऊन गेला होता. २६वं मानांकन असलेल्या दुसऱ्या एका इटालियन खेळाडूने दुसऱ्या मानांकित सिमोना हालेपला ६-१, ६-३ असं गुंडाळलं. एक तासही लागला नाही. हा सामना फारसा कुणाला आठवत नाही. आपली गोष्ट मात्र तो जिंकणारीची आहे. फ्लाविया पेनेटाची.

(पडद्यावर: ब्रिंडिसी बंदर.)

नकाशात इटली बुटासारखी दिसते. त्या बुटाच्या टाचेवर, एड्रियाटिक समुद्राच्या काठी ब्रिंडिसी आहे. रोमहून निघणारा प्राचीन ॲपियन मार्ग इथे येऊन संपायचा. पुढे १८७० पासून पहिलं महायुद्ध सुरू होईपर्यंत लंडनहून मुंबईला येणारं टपाल रेल्वेने इथवर यायचं आणि इथून बोटीत चढायचं. म्हणजे मुंबईच्या कितीतरी जुन्या घरांत आलेली विलायतेची पत्रं या बंदरावरून गेलेली असणार.

या गावात २५ फेब्रुवारी १९८२ रोजी फ्लावियाचा जन्म झाला. टाचेच्या पलीकडच्या अंगाला, साधारण सत्तर किलोमीटरवर तारांतो आहे. ते विंचीचं गाव. ती फ्लावियाहून वर्षभराने लहान. दोघी लहानपणापासून एकमेकींविरुद्ध खेळत आल्या, रोममध्ये सराव करताना एकत्र राहिल्या, आणि १९९९ मध्ये दोघींनी मिळून फ्रेंच ओपनचं मुलींचं दुहेरी विजेतेपद जिंकलं.

(पडद्यावर: २००९ ची जुनी चित्रफीत.)

पेनेटाचा खेळ डोळे दिपवणारा नव्हता. तिच्याकडे सेरेनासारखी सर्व्हिस नव्हती, विंचीसारखा चेंडू कापून खाली ठेवणारा स्लाइसही नव्हता. होता तो दोन हातांचा बॅकहँड. सपाट, आणि वेळ आली की थेट रेषेलगत जाणारा. एकही फटका फुकट न घालवण्याची सवय होती. असे खेळाडू टीव्हीवर साधे वाटतात. समोर उभं राहणाऱ्याला ते किती त्रास देतात, ते त्यालाच ठाऊक.

ऑगस्ट २००९ मध्ये ती जागतिक क्रमवारीत पहिल्या दहांत आली. इटलीच्या एकाही महिलेला त्याआधी हे जमलं नव्हतं. त्याच महिन्याअखेर सुरू झालेल्या अमेरिकन ओपनमध्ये चौथ्या फेरीत व्हेरा झ्वोनारेव्हा तिच्याविरुद्ध जिंकत आली होती. आणखी एक गुण गेला की सामना गेला, असे सहा मॅच पॉइंट पेनेटाने वाचवले, दुसरा सेट ६-६ बरोबरीनंतरच्या टायब्रेकमध्ये ओढून आणला आणि तिसरा ६-० असा घेतला.

दुहेरीत तर ती थेट शिखरावर पोहोचली. अर्जेंटिनाच्या गिसेला डुल्कोबरोबर तिने २०११ ची ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली आणि त्या फेब्रुवारीअखेर ती दुहेरीत जगात पहिली झाली. महिलांच्या सांघिक फेड कपमध्ये इटलीची ही पिढी चार वेळा जिंकली: २००६, २००९, २०१० आणि २०१३. सॅन दिएगोला २०१० च्या अंतिम लढतीत अमेरिकेविरुद्धचा निर्णायक विजय पेनेटाच्याच रॅकेटमधून आला.

पण एकेरीतल्या ग्रँड स्लॅमचं काय? त्याच २०१० मध्ये फ्रान्सेस्का स्किआव्होनेने पॅरिसची फ्रेंच ओपन जिंकली आणि इटलीची पहिली महिला ग्रँड स्लॅम विजेती ठरली. २०१२ मध्ये सारा एरानी पॅरिसच्या अंतिम फेरीत गेली. पेनेटा उपांत्यपूर्व फेरीपर्यंत यायची आणि तिथेच अडकायची.

(पडद्यावर: मनगटाला पट्टी, रिकामं सराव कोर्ट.)

मग उजवं मनगट गेलं. टेनिसमध्ये मनगटाचं दुखणं वाईट. गुडघा दुखावला तर निदान उभ्या उभ्या फटके मारता येतात. मनगटात कळ असली की माणूस रॅकेट घट्ट धरायलाच बिचकतो. चेंडूचा प्रत्येक धक्का तिथेच बसतो. २०१२ च्या उन्हाळ्याअखेर तिच्यावर शस्त्रक्रिया झाली. ती परतली तेव्हा वय ३१, आणि क्रमवारी घसरत घसरत दीडशेच्याही पलीकडे गेलेली. थांबावं का, हा विचार तेव्हाच मनात येऊन गेला होता, असं तिनेच पुढे सांगितलं.

त्या अवस्थेत ती २०१३ च्या विम्बल्डनला चौथ्या फेरीपर्यंत पोहोचली. मग न्यूयॉर्क. तिथे तिने चौथ्या मानांकित एरानीला हरवलं, कुझनेत्सोवाला हरवलं, हालेपला हरवलं आणि उपांत्यपूर्व फेरीत साक्षात विंचीला. पहिल्यांदाच ती ग्रँड स्लॅमच्या उपांत्य फेरीत होती. तिथे अझारेन्काने तिला थांबवलं. पुढच्या मार्चमध्ये तिने इंडियन वेल्स जिंकलं. हे चार ग्रँड स्लॅमच्या खालोखालच्या मोजक्या स्पर्धांपैकी एक. उपांत्य फेरीत ली ना, अंतिम फेरीत राडवान्स्का. आणि अंतिम सामन्याचा आकडा काय? ६-२, ६-१.

म्हणून २०१५ च्या विजयाला कुणी 'लॉटरी' म्हणालं की मला पटत नाही. २००८, २००९, २०११, २०१३, २०१४. इतक्या वेळा ती अमेरिकन ओपनच्या शेवटच्या आठांत होती. इतर स्पर्धांत ती दमून परत यायची, न्यूयॉर्कमध्ये मात्र तिचा खेळ उमलायचा. २०१५ मध्येही तिला वाट कुणी मोकळी करून दिली नाही. माजी विजेती सॅम स्टोसूर, मग पाचवी मानांकित पेट्रा क्विटोवा, तीही पहिला सेट गमावल्यावर, आणि मग हालेप. सेरेनाला विंचीने बाहेर काढलं हे खरं. पण आपल्या बाजूची सगळी माणसं पेनेटाने स्वतःच निपटली होती.

जाता जाता एक आपल्याकडची नोंद. त्याच स्पर्धेत दुहेरीत पेनेटा आणि एरानीची जोडी उपांत्य फेरीत हरली, ती सानिया मिर्झा आणि मार्टिना हिंगिसकडून. सानियाने ते विजेतेपद जिंकलं.

(पडद्यावर: १२ सप्टेंबर २०१५, अंतिम सामना.)

पावसामुळे उपांत्य सामने शुक्रवारी ढकलले गेले होते, त्यामुळे दोघींना विश्रांतीला पुरता दिवसही मिळाला नाही. एक ३३ वर्षांची, दुसरी ३२ ची. दोन इटालियन खेळाडू ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत समोरासमोर, हे याआधी कधी घडलं नव्हतं. पंतप्रधान मात्तेओ रेन्झी विमान पकडून न्यूयॉर्कला पोहोचले. गंमत अशी, की त्यासाठी त्यांनी बारीतला ठरलेला कार्यक्रम टाळला. आणि बारी ही या दोघींच्याच पुलिया प्रांताची राजधानी. मायदेशी टीका झालीच. प्रेक्षकांत फाबियो फोन्यिनीही होता, पेनेटाचा होणारा नवरा. याच स्पर्धेत दोन सेटने मागे पडूनही नदालला हरवलेला.

पहिला सेट चांगला रंगला. विंची स्लाइसने चेंडू खाली ठेवत होती, पुढे धावून येत होती. पेनेटा तिला मागे रेटत होती. टायब्रेक ७-४. तिथून विंचीचे पाय जड झाले. दुसरा सेट ६-२. जाळीपाशी लांबलचक मिठी, आणि मग ट्रॉफीची वाट पाहत दोघी शेजारी शेजारी बसून गप्पा मारत राहिल्या.

कारकिर्दीतली ही पेनेटाची ४९वी ग्रँड स्लॅम स्पर्धा. पहिल्या एकेरी विजेतेपदासाठी इतकी वाट कुठल्याच महिलेने पाहिली नव्हती. आधीचा विक्रम ४७ चा होता, मारियन बार्तोलीचा. तिने २०१३ ची विम्बल्डन जिंकली आणि काही आठवड्यांतच निवृत्ती घेतली.

पेनेटाने आठवडेही घेतले नाहीत. हातात ट्रॉफी, समोर माइक, आणि तिने सांगून टाकलं की या वर्षानंतर आपण खेळणार नाही. विजयाच्या भरात सुचलेलं हे नव्हतं. महिन्याभरापूर्वीच, अमेरिकन ओपनच्या आधी, तिचं ठरलं होतं. ती जिंकली म्हणून थांबली नाही. थांबायचं ठरवून आली होती आणि मध्येच जिंकली. माझ्या मते त्या दोन आठवड्यांतला मोकळा खेळ तिथूनच आला.

(पडद्यावर: सिंगापूर, ऑक्टोबर २०१५.)

निवृत्ती जाहीर झाल्यावर ती कारकिर्दीतल्या सर्वोच्च, सहाव्या क्रमांकावर पोहोचली. सिंगापूरच्या वर्षअखेरीच्या स्पर्धेत तिने राडवान्स्काला हरवलं, आणि शारापोव्हाविरुद्ध ७-५, ६-१ अशी हार पत्करून रॅकेट ठेवली. पुढच्या जूनमध्ये ब्रिंडिसीजवळच्या ओस्तुनी गावात तिने फोन्यिनीशी लग्न केलं. विंची मात्र खेळत राहिली. २०१६ च्या फेब्रुवारीत, ३३व्या वाढदिवसानंतर काही दिवसांतच, तीही आयुष्यात पहिल्यांदा जगातल्या पहिल्या दहांत आली.