षट्कोण: ग्वाल्हेरच्या एका मकबऱ्यातून

(दृश्य: ग्वाल्हेरचा हजिरा भाग. मकबऱ्याच्या कोपऱ्यातला बुरूज, वरच्या छोट्या घुमटापासून खाली जोत्यापर्यंत.)

शहराच्या लष्कर भागातली मराठी माणसं हजिऱ्याला येतात ती बहुतेक तानसेनासाठी. डिसेंबरात समारोह भरतो, आधी समाधीपाशी ढोलीबुवांची हरिकथा होते, मिलाद म्हणजे पैगंबरांचं स्तुतिगान होतं, आणि मग गाणं. पण याच आवारात तानसेनाच्या समाधीपेक्षा कितीतरी मोठी वास्तू उभी आहे. शेख मोहम्मद गौस यांचा मकबरा. चौकोनी इमारत, मधे मोठा घुमट, चहूबाजूंनी दगडी जाळ्या. कोपऱ्यातल्या बुरुजांकडे नीट पाहा. प्रत्येकाला सहा बाजू आहेत.

सहा हा आकडा आणि त्यातून निघणारी षट्कोणी चांदणी, म्हणजे एक वर टोक असलेला आणि एक खाली टोक असलेला, असे एकमेकांत गुंतलेले दोन त्रिकोण. ताइतावर, तंत्राच्या पोथीत, किमयागारांच्या वह्यांत, इस्रायलच्या झेंड्यावर, सगळीकडे ही खूण दिसते. ती मूळची कुणाची, यावरून भांडणंही खूप होतात.

(दृश्य: जमिनीवर खिळा, दोरी, खडू.)

आधी हे करून पाहू. खिळा ठोकायचा, दोरी बांधायची, वर्तुळ काढायचं. आता दोरीची लांबी तीच ठेवून परिघावर एकेक खूण करत पुढे जायचं. सहाव्या पावलाला आपण बरोबर पहिल्या खुणेवर येतो. कमी नाही, जास्त नाही. एक सोडून एक खूण जोडली की एक त्रिकोण, उरलेल्या तीन जोडल्या की दुसरा. झाली चांदणी. दोरी आणि खिळा हाताशी असलेल्या कुठल्याही गवंड्याला, सुताराला ही आकृती आपोआप सापडते. आमच्या मते तिच्या उगमाचा अर्धाअधिक उलगडा इथेच होतो. म्हणून ती एकमेकांना कधी न भेटलेल्या लोकांकडेही आढळते. अर्थ मात्र ज्याने त्याने आपापला भरला.

गॅलिलीतल्या कफर्नहूम इथल्या यहुद्यांच्या जुन्या सभास्थानाच्या दगडांवर ती कोरलेली आहे, पण तिथे ती इतर नक्षीतलीच एक. 1354 मध्ये राजा चौथ्या चार्ल्सने प्रागच्या यहुद्यांना स्वतःचा झेंडा लावायची परवानगी दिली, आणि या चांदणीचं त्या समाजाशी नातं जोडलं जाऊ लागलं. 1897 मध्ये बाझलला यहुद्यांसाठी मायभूमी मागणाऱ्यांच्या, म्हणजे झायोनिस्टांच्या, परिषदेत ती राष्ट्रीय आकांक्षेची खूण झाली. 1941 मध्ये नाझींनी जर्मनीतल्या यहुद्यांना हीच चांदणी पिवळ्या कापडाची करून छातीवर शिवायला लावली. आणि 1948 मध्ये ती एका देशाच्या झेंड्यावर आली. इतक्या थोड्या वर्षांत इतका अपमान आणि इतका मान वाट्याला आलेली खूण दुसरी क्वचितच असेल.

मुसलमानी परंपरेत हिचं नाव सुलेमानाची मुद्रा. राजा सुलेमानाच्या अंगठीवर ईश्वराचं नाव होतं आणि त्या जोरावर जिन्न त्याच्या आज्ञेत राहत, अशी कथा. त्यामुळे ती संरक्षणाची खूण ठरली. मोरोक्कोच्या एकोणिसाव्या शतकातल्या तांब्याच्या नाण्यांवर ती आहे, आणि दिल्लीला हुमायूनच्या मकबऱ्याच्या कमानींच्या दोन्ही अंगांनाही आहे.

(दृश्य: देवघर. तांब्याच्या पत्र्यावरचं श्रीयंत्र, वर कुंकवाची बोटं.)

आपल्याकडे वरचा त्रिकोण शिव, खालचा शक्ती. वरचा अग्नी, खालचा पाणी. हृदयाजवळच्या अनाहत चक्रात बारा पाकळ्यांच्या कमळात षट्कोण असतो, त्याचं तत्त्व वायू आणि बीजमंत्र 'यं'. शुक्रवारी ज्या श्रीयंत्रावर आपण कुंकुमार्चन करतो, त्यात नऊ त्रिकोण असे गुंफलेले असतात की त्यातून त्रेचाळीस लहान त्रिकोण तयार होतात. चार शिवाचे, पाच शक्तीचे. आणि कार्तिकेयाचं तर यंत्रच षट्कोणी, सहा टोकांना 'शरवणभव' ही सहा अक्षरं. ग्वाल्हेरच्या जीवाजीगंजात त्याचं देऊळ आहे, वर्षातून फक्त कार्तिक पौर्णिमेला उघडतं. रांगेत मराठी बायकाही असतात, कारण एरवी स्त्रियांनी कार्तिकेयाचं दर्शन घेऊ नये हा आपल्याकडचा रिवाज, आणि या एका दिवशी त्याला मुभा.

(दृश्य: पुन्हा मकबरा, आतून. जाळीतून आलेला उजेड फरशीवर.)

आता या मकबऱ्यात झोपलेल्या माणसाकडे येऊ. त्याच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप. मोहम्मद गौस शत्तारी पंथाचे सूफी. बाबराच्या माणसांना ग्वाल्हेरचा किल्ला मिळाला त्यात त्यांचा हात होता. त्यांचे भाऊ शेख फूल यांच्यावर हुमायूनची फार श्रद्धा. हुमायूनला हरवून शेरशहा आल्यावर गौस गुजरातेत गेले, तिथे काही उलेमांनी, म्हणजे इस्लामी धर्मपंडितांनी, त्यांच्या विरोधात गदारोळ केला. पुढे अकबराच्या काळात ते परतले. 1563 च्या सुमारास वारले.

त्यांचा 'जवाहिर-ए-खम्सा', म्हणजे पाच रत्नं, हा ग्रह, अक्षरं आणि ईश्वराच्या नावांच्या साधनेचा ग्रंथ. पण आम्हाला त्याहून मोलाचा वाटतो तो 'बहर-उल-हयात'. 'अमृतकुंड' या योगावरच्या ग्रंथाचा हा फारसी अवतार. शरीरातल्या सात जागा, सात ग्रह, बीजमंत्र, आणि त्या मंत्रांच्या जोडीला अरबीतली ईश्वराची नावं. जोगी आसन घालून कसे बसतात हेसुद्धा त्यात आहे. शहजादा सलीम, म्हणजे पुढचा जहांगीर, याच्यासाठी या ग्रंथाची सचित्र प्रत तयार झाली. ती आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. अंगाला भस्म फासलेले, जटा बांधलेले जोगी, आणि चित्र काढणारे मुघल दरबारचे चितारी!

(दृश्य: थिऑसॉफिकल सोसायटीची मुद्रा.)

'गूढ चिन्ह' म्हणून आज जे दिसतं, त्याला हा रंग बराच नंतर चढला, एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात. किमयागार वर टोक केलेल्या त्रिकोणाने अग्नी आणि उलट्याने पाणी दाखवत आलेच होते. एलिफास लेव्ही या फ्रेंच लेखकाने 1850 च्या दशकात त्यावर जादूविद्येचा थर चढवला. 1875 मध्ये न्यूयॉर्कला थिऑसॉफिकल सोसायटी ही सगळ्या धर्मांतलं गूढ ज्ञान शोधणारी संस्था स्थापन झाली, तिच्या मुद्रेत षट्कोण, स्वस्तिक, शेपटी गिळणारा साप आणि वर ॐ असं सगळं एकत्र आलं. ब्रीदवाक्य 'सत्यान्नास्ति परो धर्मः'. पुढे सोसायटीचं मुख्यालय मद्रासजवळ अड्यारला आलं.

म्हणूनच मोबाईलवर फिरणारे ते मेसेज पाहून वाईट वाटतं. कमानीवर षट्कोण दिसला की लगेच ही इमारत अमक्यांची, ती तमक्यांकडून हिसकावलेली. एका चांदणीवरून मालकी ठरत नाही. त्यासाठी शिलालेख लागतो, बांधकामाचा हिशेब लागतो, दगडावरच्या हत्यारांच्या खुणा वाचाव्या लागतात. आणि देवाणघेवाणीचा पुरावाच हवा असेल तर तो या सहा बाजूंच्या बुरुजांमध्ये झोपलेल्या माणसाच्या ग्रंथात आहे. गौस यांनी जोग्यांची विद्या घेतली, ती जोग्यांची आहे हे लिहून ठेवलं, आणि ग्रंथ आपल्या शिष्यांच्या हाती दिला.