पाच वाद्यं, ड्रम नाही: पंच ब्रदर्सची ध्वनिमुद्रणं

[दृश्य: मँडोलिनच्या पट्टीवर डावा हात, अगदी जवळून]

हा मँडोलिनवरचा जी मेजर कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर. आठ तारा, पण जोड्या चारच. सर्वांत खालच्या सुराच्या जी जोडीवर सातवा पडदा, डीवर पाचवा, एवर दुसरा, ईवर तिसरा. चारही बोटं अडकतात, करंगळी ताणली जाते आणि एकही तार खुली राहत नाही. मेख तिथेच आहे. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर उजव्या हाताने जोरकस फटका द्यायचा आणि लगेच डाव्या हाताचा दाब सैल करायचा. बोटं तारांवरून उचलायची मात्र नाहीत. सूर तिथल्या तिथे मरतो, उरतो फक्त 'चक्'. बोट उचललं गेलं तर तार गुणगुणत राहते आणि ठेका गढूळ होतो.

ब्लूग्रास या अमेरिकी लोकसंगीताच्या शैलीतले वादक याला चॉप म्हणतात. पहिल्या-तिसऱ्या मात्रेवर डबल बेस, दुसऱ्या-चौथ्यावर चॉप. ड्रमची गरज संपली.

[दृश्य: पाच वाद्यं एका रांगेत]

मँडोलिन, फिडल (म्हणजे व्हायोलिनच), बँजो, गिटार, बेस. ही पंगत 1940 च्या दशकात अमेरिकेत बिल मन्रोच्या वाद्यवृंदात पक्की झाली. बँजो म्हणजे आपल्या मिरवणुकीतला बेंजो नव्हे. हा पाच तारांचा, ड्रमसारखं तोंड मढवलेला. अंगठ्यात प्लॅस्टिकची आणि दोन बोटांत धातूची नखी घालून वाजवतात. पंच ब्रदर्स या अमेरिकन बँडने ही पाच वाद्यं तशीच ठेवली आणि त्यांच्याकडून भलतीच कामं करून घेतली.

सुरुवात 2006 ची. मँडोलिनवादक ख्रिस थीली तोवर निकेल क्रीक या त्रयीमुळे प्रसिद्ध होता. त्याने गेब विचर (फिडल), नोम पिकेल्नी (बँजो), ख्रिस एल्ड्रिज (गिटार) आणि ग्रेग गॅरिसन (बेस) यांना घेऊन 'हाउ टू ग्रो अ वूमन फ्रॉम द ग्राउंड' हा अल्बम केला. त्यावर नाव एकट्या थीलीचं होतं; हेच पाच जण पुढे पंच ब्रदर्स झाले. द व्हाइट स्ट्राइप्स आणि द स्ट्रोक्स या रॉक बँडची गाणी त्यात याच पाच वाद्यांवर वाजतात, आणि ड्रमची उणीव कुठेही भासत नाही.

उणीव भासली ती पुढच्या कामात. 'द ब्लाइंड लीव्हिंग द ब्लाइंड' ही चार भागांची, चाळीस मिनिटांहून मोठी रचना. बराचसा भाग स्वरलिपीत लिहिलेला, मध्ये उपजेसाठी मोकळ्या जागा. 17 मार्च 2007 रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधल्या झँकेल सभागृहात ती पहिल्यांदा वाजली आणि 2008 मध्ये नॉनसच कंपनीच्या 'पंच' या अल्बममध्ये आली. अडचण अशी, की मँडोलिन लिहिलेली सुरावट वाजवू लागली की तिचा चॉप थांबतो. मग ठेका धरायचा कोणी? फिडलवाल्याला गजाचा मुठीकडचा भाग तारांवर आपटून तसाच कोरडा आवाज काढता येतो, पण त्याच्याही वाट्याला सुरावट असेल तर सगळा भार बेसवर. 'पंच'मध्ये बेसही पुष्कळदा सुरावटीतच गुंतलेला आहे. कौशल्य थक्क करणारं आहे, पण ऐकणाऱ्याची सम वारंवार सुटते.

त्याच वर्षी गॅरिसनच्या जागी पॉल कोवर्ट आला. कोवर्ट हा डबल बेसवादक एडगर मायरचा शिष्य. मायर आपल्याला परका नाही: झाकीर हुसेन, बेला फ्लेक आणि राकेश चौरसिया यांच्यासोबतच्या त्याच्या 'अॅज वी स्पीक' अल्बमने 2024 मध्ये दोन ग्रॅमी मिळवली. गुरूप्रमाणे कोवर्टही गजाने वाजवण्यात तयार आहे, आणि त्याने बँडचा पोतच बदलला. मँडोलिन आणि बँजोचा सूर छेडल्यावर लगेच विरतो. लांब सूर धरायला आधी एकटी फिडल होती, आता खाली बेसही गजाने गाऊ लागला.

[दृश्य: स्टुडिओ. पाच वादक अर्धवर्तुळात, समोर माइक]

आता थोडं ध्वनिमुद्रणाबद्दल. पाच जण एका खोलीत वाजवतात तेव्हा प्रत्येकाच्या माइकमध्ये शेजाऱ्याचा आवाज शिरतो. सर्वसाधारण नियम असा, की माइक वाद्यापासून एक फूट असेल तर पुढचा माइक त्यापासून निदान तीन फूट हवा. नाहीतर तोच आवाज किंचित उशिराने दुसऱ्या माइकमध्ये पोचतो, दोन्ही मिसळताना काही सूर खाल्ले जातात आणि वाद्य पोकळ वाटतं. त्यातून बँजो मोठ्या गळ्याचा, गिटार नाजूक. एकाच माइकभोवती वाजवताना गिटारवाला दोन फुटांवरून एक फुटावर आला तर त्याचा आवाज साधारण सहा डेसिबलने चढतो, आणि बाकीचे मागे सरले तर तो आणखी उठून येतो. आणि कोणाचा एक सूर चुकला, तर तेवढाच पुसता येत नाही. तो इतर चार माइकमध्येही बसलेला असतो. टेक पुन्हा.

'अँटिफॉगमॅटिक' (2010, निर्माता जॉन ब्रायन) आणि 'हूज फीलिंग यंग नाउ?' (2012, निर्माता जॅक्वायर किंग) या अल्बममध्ये गाणी आटोपशीर झाली. दुसऱ्यात रेडिओहेड या ब्रिटिश रॉक बँडचं 'किड ए' आहे. मूळ गाणं जवळजवळ सगळं इलेक्ट्रॉनिक, इथे ते लाकूड आणि तारांवर.

सर्वांत भक्कम काम 2015 चं: 'द फॉस्फरेसंट ब्लूज', निर्माता टी बोन बर्नेट. पहिलंच गाणं 'फॅमिलिॲरिटी' दहा मिनिटांहून मोठं, तरी सम कुठे सुटत नाही. यातल्या काही गाण्यांत ड्रमही आहेत, आणि 'पंच'नंतर ते पाऊल शहाणपणाचंच वाटतं. याच अल्बममध्ये फ्रेंच संगीतकार देबुसीची पियानोसाठीची 'पासपिए' ही रचना आहे. मूळ एफ शार्प मायनरमध्ये. बँजोच्या नेहमीच्या जुळणीत पाचवी, आखूड तार खुल्या जीला असते, आणि शुद्ध जी त्या स्केलमध्ये बसतच नाही. मूळ पट्टीत वाजवायचं तर ती तार टाळायची किंवा दोन पडदे वर अडकवून एला न्यायची.

2018 चा 'ऑल अशोर' त्यांनी स्वतःच निर्मिला. त्याला सर्वोत्कृष्ट फोक अल्बमचं ग्रॅमी मिळालं.

[दृश्य: गिटारवर एकटा उजवा हात]

मग नोव्हेंबर 2020, नॅशव्हिल, ब्लॅकबर्ड स्टुडिओ. गिटारवादक टोनी राइसचा 1983 चा 'चर्च स्ट्रीट ब्लूज' हा अल्बम बव्हंशी एक गिटार आणि एक गळा एवढ्यावर उभा आहे. पंच ब्रदर्सनी तो पाच वाद्यांत नव्याने बांधला. राइसला भेट म्हणून. 25 डिसेंबर 2020 रोजी राइस गेला. 'हेल ऑन चर्च स्ट्रीट' बाजारात आला जानेवारी 2022 मध्ये. दोन्ही अल्बम लागोपाठ ऐकावेत. राइसच्या एका नखीतून निघणारा ठेका पाच जणांत कसा वाटला गेला, ते कळतं.

2023 मध्ये विचर बाहेर पडला आणि फिडलवर ब्रिटनी हास आली. हॉकटेल या चौकडीत ती आणि कोवर्ट आधीपासून एकत्र वाजवत होते.

नव्या श्रोत्याने वर्षांच्या क्रमाने जाऊ नये. आधी 2010 चं 'राय व्हिस्की', मग 2015 चं 'माय ओ माय', त्यानंतर 'फॅमिलिॲरिटी'. हेडफोन लावून, आधी फक्त बेसकडे लक्ष देऊन. 'पंच'मधली ती चाळीस मिनिटं शेवटी, आणि एका बैठकीत.