रिकामा देश आणि शेवटचे साठ किलोमीटर

मित्रहो, नमस्कार. पत्रिकेत विषय असा छापला आहे: 'विरळ वस्तीच्या देशानं अतिवेगवान रेल्वे बांधावी का?' उदाहरणाला मी ऑस्ट्रेलिया घेतला आहे, कारण इथं बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांची मुलं-नातवंडं सिडनीला नाहीतर मेलबर्नला आहेत. तिकडे जाऊन आलेला माणूस हमखास विचारतो, एवढा श्रीमंत देश, मग सिडनीहून मेलबर्नला रेल्वेनं अकरा तास का लागतात?

अकरा तास खरेच लागतात. अंतर सुमारे ९६० किलोमीटर. गाडीचं नाव एक्सपीटी, १९८२ पासूनची, ब्रिटिश डिझेल गाडीवरून बेतलेली. ताशी १६० ची ताकद असलेली ही गाडी सरासरी ताशी ८७ नं पोहोचते. दिवसा एक जाते, रात्री एक. आणि याच दोन शहरांमध्ये विमानानं, कोविडच्या आधी, वर्षाला ९० लाखांच्या आसपास माणसं जात होती. जगातल्या सर्वांत गजबजलेल्या हवाई मार्गांपैकी हा एक.

यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं. देशाचं क्षेत्रफळ सुमारे ७७ लाख चौरस किलोमीटर, भारताच्या दुपटीहून जास्त. लोकसंख्या पावणेतीन कोटींच्या आसपास. चौरस किलोमीटरमागे साडेतीन माणसं. मग बुलेट ट्रेन कुणासाठी? हे उत्तर मला अजिबात पटत नाही, कारण ही सरासरी वाळवंट धरून काढलेली आहे. नल्लारबॉरच्या माळावर रूळ ४७८ किलोमीटर एकही वळण न घेता गेलेत, जगातला सर्वांत लांब सरळ लोहमार्ग. बांधायला यापेक्षा सोपी जमीन मिळायची नाही, पण तिथं बुलेट ट्रेन आणा असं कुणी म्हणत नाही. गाडीत चढणार कोण? उलट सिडनी आणि मेलबर्न ही दोन्ही पन्नास लाखांवरची शहरं. देशातल्या दर दहा माणसांतली चार या दोन गावांत राहतात. ती राहतात कुठं आणि जातात कुठं, हे पाहायचं सोडून आपण चौरस किलोमीटर मोजत बसतो.

आता आधी गेजची, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराची गोष्ट. ती विषय सोडून चालली आहे असं वाटेल, पण जरा धीर धरा, ती शेवटी मुंबईच्या दारात येते.

१८५० च्या दशकात सिडनीची न्यू साउथ वेल्स ही वेगळी वसाहत होती, मेलबर्नची व्हिक्टोरिया वेगळी. सिडनीच्या रेल्वे कंपनीचे इंजिनिअर फ्रान्सिस शील्ड्स मूळचे आयर्लंडचे. तिकडे दोन रुळांतलं अंतर ५ फूट ३ इंच, म्हणजे १६०० मिलिमीटर. त्यांनी तेच सुचवलं, १८५२ मध्ये तसा कायदा झाला, आणि व्हिक्टोरिया व साउथ ऑस्ट्रेलिया या शेजाऱ्यांनीही तेच धरलं. मग शील्ड्स नोकरी सोडून गेले. त्यांच्या जागी आले जेम्स वॉलेस, स्कॉटलंडचे. त्यांना ब्रिटनचं ४ फूट साडेआठ इंच हवं होतं, १४३५ मिलिमीटर. १८५३ मध्ये कायदा फिरवला गेला. पण तोवर मेलबर्नच्या कंपन्यांनी इंजिनं आणि डबे १६०० च्या मापानं मागवले होते. ते काही मागे हटले नाहीत.

फरक किती होता? १६५ मिलिमीटर, साडेसहा इंच. वीतभरसुद्धा नाही.

मेलबर्नची लाइन १८७३ मध्ये मरे या सरहद्दीवरच्या नदीच्या दक्षिणेला वोडोंगापर्यंत आली. सिडनीची १८८१ मध्ये उत्तरेच्या काठावर ऑल्बरीला पोहोचली. १८८३ मध्ये नदीवरून दोन्ही जोडल्या. जोडल्या म्हणजे कशा, तर ऑल्बरीच्या प्लॅटफॉर्मच्या एका अंगाला एका गेजची गाडी, दुसऱ्या अंगाला दुसऱ्या गेजची. तो प्लॅटफॉर्म आजही आहे, जवळजवळ साडेचारशे मीटर लांब. बर्थवर झोपलेली माणसं उठायची, पोरंबाळं काखेत, ट्रंका हमालाच्या डोक्यावर, आणि समोरच्या गाडीत जाऊन बसायची. मालगाडीचं दुखणं याहून मोठं. एका वाघिणीतला माल उतरवून दुसरीत भरायचा. दुसऱ्या महायुद्धात उत्तरेकडे निघालेली पुष्कळशी रसद इथं हातानं उचलावी लागली. सिडनीहून सलग १४३५ चे रूळ मेलबर्नला पोहोचले १९६२ मध्ये. वीतभराच्या फरकाला एकोणऐंशी वर्षं.

हे आपल्याला समजावून सांगायला नको. मिरजेला बेळगाव-हुबळीसाठी गाडी बदललेले इथं कोण कोण आहेत? ...बरेच हात वर आले. मिरजेत एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज अशी तिन्ही गेज होती. मनमाडलाही मराठवाड्याकडे जाणारा माणूस उतरून मीटरगेजच्या गाडीत बसायचा. या हातांना ऑल्बरीचा प्लॅटफॉर्म माझ्यापेक्षा चांगला कळेल.

आणि आता मुंबई. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्ग ५०८ किलोमीटरचा, १४३५ च्या गेजचा. आपली रेल्वे १६७६ ची. म्हणजे ती गाडी वांद्र्याहून पुढे पुण्याच्या रुळांवर कधीच जाऊ शकणार नाही. फ्रान्समध्ये १९८१ ला पॅरिस–ल्योन मार्ग सुरू झाला, तेव्हा नवे रूळ शहराबाहेरच थांबले आणि गाडी जुन्याच रुळांवरून जुन्याच स्टेशनात शिरली, कारण गेज एक होतं. मुंबईला ती सोय नाही, म्हणून वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा २१ किलोमीटरचा बोगदा, त्यातला सुमारे सात किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून. समर्पित, म्हणजे फक्त याच गाड्यांसाठीचा मार्ग निवडण्यामागे सुरक्षेची सबळ कारणं आहेत आणि मला ती मान्य आहेत. पण किंमत शहराच्या तोंडाशी मोजावी लागते, एवढं लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट वळणांची. वळणावर बाहेरचा रूळ थोडा उचललेला असतो, साधारण दीडशे मिलिमीटर. त्याहून जास्त उचलला तर मध्येच थांबलेली गाडी आतल्या बाजूला कलते आणि सावकाश जाणारी मालगाडी आतला रूळ खाते. म्हणून वेग दुप्पट करायचा तर वळणाची त्रिज्या चौपट करावी लागते. आपली कोकण रेल्वे ताशी १६० साठी आखली, तिचं सर्वांत तीव्र वळण १२५० मीटर त्रिज्येचं. ३२० साठी तेच पाच किलोमीटर, ३५० साठी सहा-सात किलोमीटर.

सिडनी–मेलबर्नची जुनी लाइन वाफेच्या इंजिनांसाठी आखलेली. वाफेचं इंजिन चढाला भितं, वळणाला भीत नाही. म्हणून त्या इंजिनिअरांनी चढ कमी करण्यासाठी मुद्दाम वळणं वाढवली. पिक्टन–मिटागाँगमधला १९१९ चा नवा मार्ग तसाच. बेथुंग्राला तर कमाल आहे: १९४६ मध्ये सिडनीकडे जाणारा रूळ डोंगराभोवती पूर्ण गोल फिरवून स्वतःवरून नेला, म्हणजे ४० ला १ चा चढ (चाळीस मीटर गेलं की एक मीटर वर) ६६ ला १ वर आला. सुंदर काम आहे, सवड काढून पाहावं असं. पण आजच्या वेगवान गाडीचं गणित बरोब्बर उलटं. ती हलकी, बऱ्याचदा अनेक डब्यांखाली मोटारी. बोरघाटात चढ ३७ ला १ आहे, कर्जतला मागून ढकलायला बँकर इंजिनं लावावी लागतात. कोलोन–फ्रँकफर्टच्या जर्मन मार्गावर चढ २५ ला १ आहे आणि ताशी ३०० नं धावणारी गाडी तो चढून जाते. म्हणून जुना मार्ग दुरुस्त करून वेगवान होत नाही. वळण सरळ करत गेलात की काही दिवसांनी सगळी लाइनच नवी झालेली असते.

...अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. मुख्य मुद्दा राहिलाच, तेव्हा आता भराभर घेतो.

१९८४ मध्ये पॉल वाइल्ड यांनी हा विषय पहिल्यांदा गंभीरपणे मांडला. मूळचे ते सूर्याचा अभ्यास करणारे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ, तेव्हा तिथल्या राष्ट्रीय विज्ञान संस्थेचे अध्यक्ष. सरकारनं नाही म्हटलं, मग खासगी कंपन्यांनी एकत्र येऊन तो पुढे नेला. करसवलत मिळेना, म्हणून १९९१ मध्ये तो बुडाला. सिडनी–कॅनबेराची दुसरी योजना २००० मध्ये सरकारनं थांबवली.

२०१३ चा सरकारी अभ्यास मात्र प्रत्येकानं वाचावा असा आहे. ब्रिस्बेन ते मेलबर्न १७४८ किलोमीटर, ११४ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर, सिडनी–मेलबर्न २ तास ४४ मिनिटं. त्यात बोगदे १४४ किलोमीटर, आणि त्यातले ६७ एकट्या सिडनीत. मधली शेकडो किलोमीटर मेंढ्यांची कुरणं, तिथं अडत काहीच नाही. पैसा जातो तो शहरात शिरताना. नऊ-दहा मीटर व्यासाचा बोगदा एक मीटर पुढे गेला की सुमारे ७० घनमीटर खडक निघतो, फुटल्यावर तो फुगून १०० च्या वर जातो, म्हणजे दर मीटरला दहा-बारा डंपर. टनेल बोअरिंग मशीन दिवसाला दहा मीटर गेलं तरी चांगलं म्हणतात. नळ्या दोन, जायला एक आणि यायला एक, म्हणजे ६७ चे १३४ किलोमीटर. आठ मशीन लावली तरी साडेचार वर्षं नुसतं खोदकाम.

आता प्रवासी. सिडनी–मेलबर्न विमानाचे वर्षाला ९० लाख म्हणजे दिवसाला पंचवीस हजार. दोन तृतीयांश रेल्वेकडे वळले असं धरू, साडेसोळा हजार. पाचशे आसनांची गाडी सत्तर टक्के भरली तर दोन्ही दिशांना मिळून सत्तेचाळीस गाड्या, म्हणजे सोळा तासांचा दिवस धरला तर एका दिशेला दर चाळीस मिनिटांनी एक. टोकियो–ओसाका मार्गावर गर्दीच्या वेळी तासाला दहाहून जास्त सुटतात. रूळ, वीज, सिग्नल यांची देखभाल गाड्या कमी म्हणून कमी होत नाही. म्हणून दोन टोकांच्या प्रवाशांवर हा मार्ग उभा राहणार नाही. सिडनीच्या उत्तरेची न्यूकॅसल, सेंट्रल कोस्ट आणि दक्षिणेकडच्या वाटेवरची गोलबर्न, वागा वागा, ऑल्बरी इथली रोजची ये-जा त्यात मोजावीच लागते.

म्हणून माझं उत्तर: बांधावी, पण सगळी एकदम नको, आणि मधून सुरुवात तर मुळीच नको. कॅलिफोर्नियानं २००८ मध्ये मतदान घेऊन पैसा मंजूर केला आणि काम सेंट्रल व्हॅलीच्या शेतांत सुरू केलं, लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को दोन्हीपासून लांब. तुकड्या-तुकड्यानं जमीन घेण्यातच वर्षं गेली. ऑस्ट्रेलियात २०२३ मध्ये स्थापन झालेल्या प्राधिकरणानं सिडनी–न्यूकॅसल पहिला टप्पा धरला आहे आणि मला तो बरोबर वाटतो. आज त्या साधारण १६० किलोमीटरना अडीच तास लागतात, रोजची वर्दळ आहे, आणि सिडनीच्या अवघड बोगद्याचा उत्तरेकडचा भाग आधीच होऊन जातो. अट एकच, वळणं पहिल्या दिवसापासून ३५० ची आखा. पहिल्या टप्प्यात पैसे वाचवायला २०० ची आखली तर बोगदा पुन्हा खोदता येत नाही.

आणि दक्षिणेकडची जमीन आजच राखून ठेवा. मुंबई–अहमदाबादचा मार्ग बहुतेक खांबांवर आहे, त्याला साडेसतरा मीटरची पट्टी लागली, आणि तेवढ्यासाठी पालघरात किती वर्षं गेली ते आपण पाहिलंय. सिडनीच्या नैऋत्येला दरवर्षी नवी घरं उठतायत. आज जिथं तारेचं कुंपण आणि चार झाडं आहेत, तिथं दहा वर्षांनी गल्ल्या असतील, आणि त्या ६७ किलोमीटरच्या बोगद्याचं दक्षिणेकडचं तोंड तेवढंच आणखी पुढे सरकलेलं असेल.