शिल्लक : एक नग

नाशिक जिल्ह्यातील येवल्याच्या या दुकानात, मागावरून नुकतीच उतरलेली ही जांभळी पैठणी विक्रीला मांडण्यापूर्वी खिडकीशी आणली आहे. कारण दिव्याच्या पिवळ्या उजेडात जांभळा रंग तपकिरीकडे झुकतो आणि पुढे रंगाची तक्रार घेऊन साडी परत येते. फोटो उलट बाजूचाही काढला जातो. हातमागावरच्या पदरातला मोर मागूनही तितकाच स्वच्छ असतो, तेथे सुटे धागे लोंबत नाहीत. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी फोनच्या पडद्यावर अस्सल पैठणी आणि यंत्रमागावरची नक्कल शेजारीशेजारीच मांडलेल्या असतात, आणि दूरच्या ग्राहकाला हात लावून पाहता येत नाही.

आता साडीच्या चिठ्ठीवर क्रमांक पडतो. तोच क्रमांक संगणकात, संकेतस्थळावर आणि फडताळाच्या कप्प्यावर. बनियनच्या दुकानात एका क्रमांकाखाली शंभर नग असतील; येथे एकच असतो, कारण त्याच विणकराने तेच रंग पुन्हा घेतले तरी दुसरी साडी हुबेहूब पहिलीसारखी उतरत नाही.

गादीवर बसलेल्या पाहुण्यांसमोर जी साडी उलगडली जात आहे, तीच या क्षणी पुण्यातल्या किंवा न्यू जर्सीतल्या कोणाच्या फोनवर ‘उपलब्ध’ म्हणून दिसू शकते. म्हणून घडी मोडण्यापूर्वी विक्रेता चिठ्ठीवर मोबाईल धरतो आणि साडी ‘राखीव’ होते. पाहुण्यांनी नको म्हटले की ती पुन्हा खुली होते. लग्नसराईत दहा-बारा साड्या एकाच वेळी पसरलेल्या असताना हे विसरले जातेच, आणि त्यामुळे रात्री कप्पे व संगणकातील नोंदी यांचा मेळ घालणे टळत नाही. त्याच वेळी जुन्या साड्यांच्या घड्याही बदलल्या जातात, कारण एकाच रेषेवर दुमडून राहिलेली जरीची वीण तेथेच चिरते. हिशेबात या जुन्या साड्यांना पडून राहिलेला माल म्हणतात. घड्या बदलणारे हे हात पाहताना तो शब्द जरा कठोर वाटतो.

एकच साडी दोघांना विकली गेली, तर एकाचे पैसे परत करावे लागतात आणि तशी दुसरी विणून घ्यायला काही आठवडे, भरगच्च पदर असल्यास काही महिने लागतात.

कुरिअरची गाडी दारात आली आहे. मलमलीत गुंडाळलेली जांभळी पैठणी पेटीत जाते, चिठ्ठीचा अर्धा भाग वहीत चिकटवला जातो, आणि तिच्या क्रमांकापुढे शिल्लक शून्य लिहिली जाते.